पास्ड आउट

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला चाललेय, पहिल्यांदाच. दवाखान्यात, अडीअडचणीला लागेल तेवढं इंग्रजी लिहून दे ना!"

मी मराठी माध्यमातली बी.ए. जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. माझ्याकडे इंग्रजीची शिकवणी मागावी म्हणजे गंमतच. पण तिनं का विचारलं, ते मला ठाऊक होतं.

२०१२ सालची गोष्ट. आम्ही दोघं न्यू जर्सीत मुलाकडे होतो. मुलगा-सून कामावर गेलेले. अकराच्या सुमारास हे घामानं डबडबले, "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय" म्हणाले आणि खुर्चीतच मान टाकली. मिनिटभरानं डोळे उघडले. फ्रिजवर मुलानं मोठ्या अक्षरात ९११ लिहून ठेवलेलं होतं. तरी मी मुलाला फोन लावत बसले, एकदा नाही, तीनदा. तो मीटिंगमध्ये.

९११ का नाही लावला? इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून! 'पेनिंग' म्हणायचं की 'पेन्स', हा विचार डोक्यात. त्यात दहा मिनिटं गेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा.

शेवटी लावला. पलीकडच्या बाईनं आधी पत्ताच विचारला. मी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हटलं, "हजबंड. चेस्ट पेन. कम फास्ट." व्याकरण शून्य, पण तिला सगळं समजलं. दार उघडून ठेवायला सांगितलं, फोन ठेवू नका म्हणाली. थोड्याच वेळात ॲम्ब्युलन्स दारात.

खरी फजिती पुढेच. हॉस्पिटलात मराठी दुभाषा हवा का, असं विचारलं. मी ताठ्यात "नो, थँक यू." मग डॉक्टरांनी विचारलं, "डिड ही पास आउट?" मी अभिमानानं सांगितलं, "येस, इन नाइन्टीन सिक्स्टी-सिक्स." "नॉट टुडे?" "नो, नो, नॉट टुडे!" आपल्याकडे पास आउट म्हणजे पदवी मिळवणं, तिकडे म्हणजे बेशुद्ध पडणं. म्हणजे ते शुद्ध हरपून बसले होते, ही महत्त्वाची गोष्ट मीच पुसून टाकली. तासाभरात मुलगा आला, तेव्हा उलगडा झाला. त्याच दिवशी स्टेंट बसला, हे सुखरूप घरी आले.

तेव्हा भाचीला लिहून दिलं ते असं. लेकीच्या घराचा पत्ता पाठ कर, अपार्टमेंटच्या नंबरासकट. फोनवर आधी पत्ता, मग कोण, मग काय. तीन वाक्यं पाठ असू देत: 'ही इज नॉट ब्रीदिंग', 'शी पास्ड आउट', 'ही इज डायबेटिक'. 'मला बीपी आहे' असं सांगू नकोस, बीपी सगळ्यांनाच असतं. 'हाय ब्लड प्रेशर' म्हण. लूज मोशन म्हणजे 'डायरिया'. चक्कर म्हणजे 'डिझी'. हातापायाला मुंग्या म्हणजे 'टिंगलिंग'. 'अँट्स' म्हणालीस तर घरात मुंग्या शोधतील. 'हार्टबर्न' ही छातीतली जळजळ, पित्ताची. तिचा हृदयाशी संबंध नाही. पण छातीवर दाब वाटला, तर जळजळच असेल म्हणून गप्प बसू नकोस. आपलं पॅरासिटामॉल तिकडे 'ॲसिटामिनोफेन' नावानं मिळतं. दुखणं किती, ते शून्य ते दहा आकड्यांत विचारतात. आपण बायका आठ असलं तरी तीन सांगतो, तसं करू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज.' तिकडच्या हॉस्पिटलांत दुभाष्याचे पैसे पडत नाहीत, फोनवरूनही जोडून देतात. ठणका, कळ, चमक, हुळहुळणं... आपल्या दुखण्याला आपल्या भाषेत किती शब्द! ते मराठीतच सांगावं.

वर्गात मुलांना नेहमी सांगायचे, चुकलं तरी चालेल, पण उत्तर द्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मीच दहा मिनिटं बाकावर गप्प बसून राहिले.

हे आता ऐंशीच्या घरात आहेत, माझं लिखाण पहिल्यांदा तेच वाचतात. आज त्या दहा मिनिटांबद्दल काय म्हणतात बघू. असो. तुमच्याकडे असे फसवे शब्द असतील तर जरूर कळवा, भाचीच्या वहीत अजून पानं कोरी आहेत.