फुफीच्या नावाचं लेबल

अब्बांच्या इंतकालानंतर घरातले कागद स्कॅन करून संगणकात ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. दादांच्या नावावरच्या घराचा नमुना 8 चा उतारा कुठल्या फोल्डरमध्ये ठेवावा? तो घराचा, विरासतीचा आणि फुफीच्या हक्काचाही.

फोल्डर म्हणजे कपाटाचा कप्पा. कागद ‘घर’ कप्प्यात गेला की फुफी नजरेआड. 2004 साली सुरू झालेल्या जीमेलने फोल्डरऐवजी लेबलं दिली. एकाच पत्राला हवी तितकी लावा. मीही फाइलच्या नावातच ‘घर, विरासत, फुफी’ असं लिहिलं.

आता तिचं नाव शोधलं तरी उतारा समोर येतो. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. वाटणीच्या दिवशी तो कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहू नये.