अळंब्याचा ओळंबा

गवंड्याच्या हाती ओळंबा नसेल तर भिंत सरळ उभी राहावयाची नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु शेणाच्या ढिगावर उगवणाऱ्या अळंब्यापाशीही असाच एक ओळंबा असतो, हे कळले तेव्हा आम्हांस मोठे नवल वाटले. कोप्रिनॉप्सिस नावाचे नाजूक भूछत्र आडवे करून ठेवले, की त्याच्या दांड्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक वाढू लागते आणि काही तासांत ते पुन्हा मान वर करते.

हा ताठपणा प्रजेच्या काळजीपोटी असतो. छत्रीखालील पडद्यांवर बीजाणू तयार होतात. ते पडद्यापासून केसभर दूर उडतात आणि दोन पडद्यांमधील चिंचोळ्या वाटेने सरळ खाली पडतात. पडदे कलले, तर ते समोरच्या पडद्यास चिकटून वाया जावयाचे. १९९३ साली अंतराळयानात फ्लॅम्युलिना जातीची अळंबी वाढविली, तेव्हा त्यांचे दांडे वाटेल त्या दिशेस गेले. वर-खाली हा भेदच तेथे उरला नव्हता.

फायकोमायसीस या बुरशीच्या उभ्या तंतूत तर खराच ओळंबा सापडतो. प्रथिनांचे अष्टफलक स्फटिक त्यात तळाशी बसतात, मेदाचे थेंब वर तरंगतात, आणि त्यांवरून तंतूस दिशा कळते. या स्फटिकांच्या प्रथिनाचे जनुक बुरशीच्या पूर्वजांस जीवाणूंकडून मिळाले, असे २०१८ साली सिंगापूरच्या संशोधकांनी दाखविले. सरळ उभे राहण्याचे साधनदेखील उसने घेता येते म्हणावयाचे!

जून २०२० मधील निसर्ग वादळात कोकणातील आमच्या वाडीतला जुना रायवळ आंबा आडवा झाला. त्याच्या खोडावर फळीसारखी वाढलेली कठीण भूछत्रे होती. ती आता मांडणीत कडेने लावलेल्या ताटांसारखी उभी दिसू लागली. दोन पावसाळ्यांनंतर पाहतो, तो त्यांच्या कडेस नवी वाढ फुटली होती, आणि ती मात्र जमिनीशी समांतर! जून झालेले अंग वळत नाही. वळते ती नवी कड.

त्याच वादळात आमच्या तीर्थरूप आप्पांच्या पोफळीही गेल्या. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ‘आता पुण्यास चला’ या आमच्या आग्रहास त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या पावसाळ्यात नवी रोपे लावली. पोफळीस फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात, हे त्यांस ऐकविण्याची कोणाची छाती नव्हती. ओळ सरळ यावी म्हणून ताणलेल्या दोरीचे दुसरे टोक आमच्या मुलीने धरले होते. आताशा सुट्टी लागली, की ती आम्हांस न विचारताच वाडीस जाण्याची तयारी करते. आप्पांस वळविण्याचा नाद आम्ही सोडून दिला आहे.