फक्त ५५ टक्के!

आमच्या घरात टक्क्यांचं राज्य आहे. बाबा बँकेतून रिटायर झालेले, मी फायनान्समध्ये. त्यामुळे बाबांच्या मानेच्या डॉपलरचा रिपोर्ट हातात पडल्यावर मी आधी आकडा शोधला. मेंदूला रक्त नेणारी उजवी कॅरोटिड आर्टरी, ५५ टक्के अरुंद.

'फक्त ५५ ना? म्हणजे जवळजवळ अर्धा रस्ता मोकळा आहे की!' मी म्हणाले. बाबांनाही हायसं वाटलं.

सगळं सुरू झालं ते सोमवारी सकाळी. बाबा पेपर वाचत असताना उजव्या डोळ्यासमोर वरून खाली काळा पडदा सरकला. पाचेक मिनिटांनी आपोआप वरही गेला. दुखलं-खुपलं काही नाही. आईचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. 'अगं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. शनिवारी नेते मी त्यांना,' असं कुजबुजून मी फोन ठेवला.

नशीब, आई शनिवारची वाट बघत बसली नाही. दुपारीच रिक्षा करून ती बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, 'डोळे ठीक आहेत. आजच्या आज न्यूरॉलॉजिस्टकडे जा.'

न्यूरॉलॉजिस्टने माझ्या 'फक्त'ची हवाच काढून घेतली. मानेतल्या आर्टरीत साचलेल्या थराचा, म्हणजे प्लाकचा, बारीकसा कण सुटून डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेला होता. पुढचा कण मेंदूत गेला तर पक्षाघात. मानेतल्या या आर्टरीचा आणि स्ट्रोकचा संबंध मिलर फिशर या डॉक्टरने १९५१ सालीच नीट मांडला होता. आणि आपण? मान अवघडली की बाम चोळून मोकळे!

'पण ५५ टक्केच आहे ना?' माझा हेका चालूच.

आकड्याला महत्त्व आहेच, ते म्हणाले. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, की लक्षणं असलेल्या आणि आर्टरी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांना ऑपरेशनचा मोठा फायदा होतो. ५० ते ६९ मध्ये फायदा बेताचा, आणि ऑपरेशनमध्येही स्ट्रोकची थोडी जोखीम असतेच. म्हणजे बाबा बरोबर काठावर. अशा वेळी प्लाक किती आहे याच्याइतकंच तो कसा आहे हेही बघावं लागतं. आत चरबीचा मऊ गोळा मोठा, वरचं आवरण पातळ, आतल्या आत रक्तस्राव झालेला. असा प्लाक फुटायला टपलेलाच.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, 'म्हणजे पुरण जास्त आणि पारी पातळ. पोळी तव्यावर फुटणारच.'

डॉक्टर हसले. 'अगदी बरोबर, काकू!'

मग एमआरआय झाला. त्यात आतला रक्तस्राव पांढरा चमकतो. बाबांच्या मानेत ती चमक होती.

'इतका खटाटोप कशाला, साधी ब्लड टेस्ट नाही का?' मी विचारलं. डॉक्टरांनी समजावलं. प्लाकमध्ये सूज असली की तिथल्या पेशी मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम्स सोडतात आणि ती आवरण कुरतडतात. या एन्झाइम्सची किंवा सीआरपीची पातळी रक्तात मोजता येते. पण सीआरपी साध्या इन्फेक्शननेही वाढतो. घरात धूर आहे एवढं कळतं, कुठल्या खोलीत ते नाही. पेट स्कॅन ती खोली दाखवू शकतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २००२ मध्ये कॅरोटिडमधला सुजलेला प्लाक त्यात टिपला होता. पण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये निर्णय एकट्या ब्लड टेस्टवर किंवा पेटवर होत नाही.

आमचा निर्णय त्या पांढऱ्या चमकेने केला. बाबांनी स्वतः सही केली, बँकेत करायचे तश्शीच, तारखेसकट.

ऑपरेशननंतर सर्जनने आम्हाला बाटलीतला तुकडा दाखवला. पिवळट, बोटाच्या पेराएवढा, मधोमध काळपट लाल डाग. माझे 'फक्त ५५ टक्के' ते हेच.

आता बाबांची सिगारेट बंद आहे, आणि स्टॅटिनची गोळी आई समोर उभी राहून देते. पुरण कमी आणि पारी घट्ट व्हावी म्हणून, असं तिचं स्पष्टीकरण. डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे, फक्त शब्द वेगळे.

त्या आठवड्यातला शनिवार आलाच. मी खरंच मोकळी होते. हॉस्पिटलमध्ये बाबांच्या कॉटशेजारी बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होते.

तुमच्या घरून असा फोन आला, तर मीटिंग सोडा. शनिवारचं नंतर बघू.