अबुधाबी आणि मी

परवा अबुधाबीला फॉर्म्युला वनचा २०२५ चा सीझन संपला. रेस मॅक्स वर्स्टॅपनने जिंकली, पण दोन गुणांनी चॅम्पियन झाला नॉरिस. मी पक्का मॅक्सवाला. ग्रुपवर हॅमिल्टनवाल्या मित्राचा मेसेज आला, "वाईट वाटलं रे." टोमणा नव्हता, खरंच लिहिलं होतं त्याने. म्हणूनच लागलं.

कारण अबुधाबी, २०२१. दोघेही ३६९.५ गुणांवर, हॅमिल्टन आरामात पुढे. शेवटी लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, सेफ्टी कार आली. मॅक्सला नवे टायर मिळाले, हॅमिल्टनचे चाळीसहून जास्त फेऱ्या झिजलेले. एक फेरी मागे पडलेल्या आठ गाड्या होत्या. रेस डायरेक्टर मासींनी दोघांच्या मधल्या पाचच पुढे काढल्या आणि एका फेरीसाठी रेस सुरू केली. मॅक्स जिंकला. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो!

मित्राने एवढंच विचारलं होतं, "बाकी तिघांना वेगळा नियम का?" मी म्हणालो, "शेवट थरारक झाला ना? बास." (सोयीचा असला की आपल्याला वाकवलेला नियमही सरळ दिसतो. गल्लीतल्या क्रिकेटपासून निवडणुकीपर्यंत.) पुढे मासींचं पद गेलं, एफआयएच्या अहवालात 'मानवी चूक' आली, निकाल तोच राहिला.

परवा त्याला उत्तर लिहिलं, "२०२१ ची तुमची होती." बराच वेळ नुसत्या निळ्या टिका.

मग आलं, "चार वर्षं लागली की रे तुला."