चाकांवरच्या घराचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबात वहीला मोठा मान असतो. दिवाळीच्या पाडव्याला तिची पूजा होते आणि वर्षभर तिच्यापासून काहीही लपवले जात नाही. सांगलीत हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबात पेढीच्या वह्यांबरोबर आणखी एक पातळशी वही आहे. तिच्यावर ‘गाडी’ एवढाच शब्द लिहिलेला आहे. पेढी आता मुलगा सांभाळतो. ही वही मात्र पंचाहत्तरी ओलांडलेल्या अण्णांनी आपल्याकडेच ठेवली आहे.

गाडी म्हणजे मोटारहोम. एका डिझेल मिनीबसच्या सांगाड्यावर बांधून घेतलेले फिरते घर. आत दोन लांब बाक, रात्री त्यांचीच अंथरुणे होतात. मागे ओटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि लहानसे स्नानगृह. हा काही श्रीमंतीचा शौक नव्हता. आक्कांचे गुडघे गेले होते आणि तीर्थयात्रेची ओढ मात्र वाढत चालली होती. कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळलेले, स्वयंपाक शुद्ध आणि सूर्यास्तानंतर अन्न नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. रस्त्यावरच्या उपाहारगृहात तो पाळणे अशक्यच होते. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले म्हणजे हा प्रश्न मिटेल, असा हिशेब होता. पहिल्या मोठ्या प्रवासात नेमका तोच हिशेब चुकला.

तो प्रवास श्रवणबेळगोळचा. सांगलीहून कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग असा महामार्ग धरून हिरियूरपर्यंत जायचे आणि तेथून आत वळायचे. जाऊन-येऊन सुमारे १,३०० किलोमीटर. मुलाने ठरवले की एका दिवसात पोहोचायचे. पहाटे साडेपाचला गाडी निघाली. गाडीची टाकी ७० लिटरची. लिटरला १० किलोमीटर धरले तर ७०० किलोमीटर होतात. म्हणजे वाटेत डिझेल भरायला थांबण्याची गरज नाही. कागदावर सगळे बरोबर होते.

दिवस मार्गशीर्षातला, म्हणजे सूर्यास्त सहाच्या सुमारास. उजेडात पोहोचायचे म्हणून मुलाने मोकळ्या रस्त्यावर वेग ९५ ते १०० ठेवला. दुपारी जेवणासाठी गाडी झाडाखाली उभी राहिली, तेव्हा वातानुकूलन चालावे म्हणून इंजिन दीड तास सुरूच राहिले. आक्का एकदाच म्हणाल्या, “गाडी उभी आहे, मग आत अग्नी कशाला जळतोय रे?” त्यांचे बोलणे हसण्यावारी गेले.

हिरियूर सोडून गाडी आतल्या रस्त्याला लागली आणि डिझेलचा लाल दिवा पेटला. तोवर सुमारे ५१० किलोमीटर झाले होते आणि जवळजवळ ६० लिटर संपले होते. पहिल्या पंपावर डिझेल नव्हते, दुसऱ्यावर रांग होती. त्यात चाळीस मिनिटे गेली. सून म्हणाली, “इथेच थांबू या, मी आक्कांना भाकरी वाढते.” मुलगा म्हणाला, “आता अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. पोहोचल्यावर निवांत जेवतील.” लगेच जेवायचेच आहे या भरवशावर आक्कांनी मधुमेहाची गोळी घेतली. तो अर्धा तास लांबत गेला. चन्नरायपट्टण अजून पुढे होते आणि नारळीच्या बागांमागे सूर्य बुडाला.

मागे चार पावलांवर ओटा होता, डब्यात भाकरी होती, भाजी होती. पण आक्कांनी हात जोडले आणि डोळे मिटले. रात्री धर्मशाळेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. नेम घेताना त्यांनी औषधाची सूट ठेवली होती. ती सूट चाळीस वर्षांत प्रथमच वापरावी लागली. मुलाने गुडघ्यावर बसून चमच्या-चमच्याने साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने त्या सावरल्या. मुलाला त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक रस सोडला आणि डोलीत बसून विंध्यगिरीवर बाहुबलींचे दर्शन घेतले. इसवी सन ९८१ मध्ये प्रतिष्ठा झालेली, सुमारे ५७ फूट उंचीची ती अखंड पाषाणाची मूर्ती. राज्य जिंकूनही ते सोडून उभा राहिलेला तो पुरुष. अंगावर वेली चढल्या तरी न हललेला. मुलगा मूर्तीसमोर बराच वेळ मान खाली घालून उभा होता.

घरी परतल्यावर अण्णांनी नवी वही काढली. पहिली नोंद झाली : १,३०० किलोमीटर, १५३ लिटर, सरासरी साडेआठ. व्यापाऱ्याला घट लागली की तो नशिबाला बोल लावत नाही. ती कोठे लागली हे शोधतो. या शोधात अभियांत्रिकी शिकणारी नात त्यांच्याबरोबर बसली.

पहिली घट वेगात सापडली. फिरते घर म्हणजे रस्त्यावरून धावणारी उभी पेटी. तिला समोरची हवा बाजूला सारावी लागते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० वेग ठेवला तर वेग सव्वापट होतो, पण विरोध दीडपटीहून अधिक. टपावर सामानाची जाळी आणि तिच्यावर ताडपत्रीत बांधलेल्या खाटा होत्या; त्यांनी भर घातली ती वेगळीच. नातीने हे कागदावर मांडले तेव्हा अण्णा म्हणाले, “म्हणजे हे चक्रवाढ व्याजासारखंच. थोडं पुढं गेलं की मुद्दलापेक्षा व्याजच जड.”

दुसरी घट वजनात. अण्णांनी गाडी जशीच्या तशी भरून वजनकाट्यावर नेली, जेथे हळदीच्या पोत्यांचे ट्रक तोलले जातात. कागदपत्रांत जे कमाल एकूण वजन लिहिलेले होते, त्याच्या केवळ ६० किलो आत काटा थांबला. गाडीत २०० लिटर पाणी होते, म्हणजे २०० किलो. घरचे गाळलेले पाणीच हवे म्हणून टाकी आणि वर डबे भरलेले. पितळेची पातेली, बिडाचे दोन तवे, चाळीस किलो धान्य, पाहुण्यांसाठी जादा गाद्या. जड गाडी सपाट रस्त्यावर एकदा वेगात आली की वजन फारसे जाणवत नाही. परंतु प्रत्येक चढावर, प्रत्येक गतिरोधकानंतर आणि गावातल्या प्रत्येक थांब्यानंतर ते वजन पुन्हा ओढावे लागते.

पाण्याचा प्रश्न आक्कांनीच सोडवला. त्या म्हणाल्या, “पाणी कशाला वाहून नेता? गाळणं न्या. जिथलं पाणी तिथंच गाळावं आणि जीवाणी तिथंच सोडावी, हीच रीत आहे.” एका दुपदरी फडक्याने दीडशे किलो वजन उतरले. पितळेच्या जागी स्टीलची दोन पातेली आली, धान्य चार दिवसांचे राहिले, टपावरची जाळी उतरली. दुसऱ्या वेळी काट्यावर गाडी २८० किलोने हलकी भरली. परिग्रहाचे परिमाण हा शब्द घरात स्वाध्यायात नेहमी ऐकला जाई. त्याचे वजन किलोत प्रथमच दिसले.

तिसरी घट उभ्या गाडीची. थांबलेल्या गाडीचे इंजिन तासाला पाऊण ते एक लिटर डिझेल सहज पिते. वातानुकूलनाचा भार असला तर त्याहूनही जास्त. त्या बदल्यात अंतर शून्य. शिवाय आजच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी वारंवार उभ्या-उभ्या चालू ठेवली की ती काजळीने भरते आणि मग ती जाळून मोकळी करण्यासाठी पुन्हा डिझेलच खर्ची पडते. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंडविरमण म्हणजे ज्यातून कोणाचेही प्रयोजन साधत नाही अशा हिंसेपासून दूर राहणे. अग्निकायिक जीवांची दया मानणाऱ्या घरात उभ्या गाडीत जळणाऱ्या डिझेलला याहून नेमके नाव नव्हते. आक्कांच्या त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नव्हते, ते आता मिळाले. टपावर सौर पट्टी आणि आत वेगळी बॅटरी बसली. दिवे आणि पंखे तिच्यावर चालू लागले.

उरलेल्या घटी लहान होत्या, पण त्यांचीही नोंद झाली. टायरमधील हवा कमी असली की टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि इंजिनाची शक्ती त्यातच मुरते. म्हणून हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्याप्रमाणे तपासायची. हवेचे फिल्टर धुळीने भरू द्यायचे नाही. इंजिन फार ताणायचे नाही आणि वरच्या गिअरमध्ये गुदमरूही द्यायचे नाही. पुढे सिग्नल लाल दिसला किंवा गाव आले की आधीच पाय उचलायचा. कारण ब्रेक दाबताना जी गती नष्ट होते, ती डिझेल जाळूनच मिळवलेली असते. मुनी चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. गाडी चालवणाऱ्याला पुष्कळ पुढचे पाहावे लागते, पण सावधपणा तोच.

एका गोष्टीवर मुलाचा आणि नातीचा वाद झाला. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते, ही जुन्या ट्रकचालकांकडून शिकलेली समजूत मुलगा सोडीना. नातीने समजावले, की आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला तर उतारावर डिझेल जवळजवळ बंदच होते, कारण चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी डिझेल जळत राहते. वर इंजिनाचा अडसर जातो आणि जड गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. बचत नाही ती नाहीच आणि जिवाला धोका. मुलगा गप्प झाला.

दुसरा प्रवास पुढच्या वर्षी पौषात झाला. ठिकाण तेच, रस्ता तोच. बदलला तो क्रम. मुक्काम आधीच ठरलेले होते : पहिली रात्र हुबळीपुढे वरूर येथील नवग्रह तीर्थावर, दुसऱ्या दिवशी श्रवणबेळगोळ. निपाणीजवळ तवंदीच्या घाटात चढ लागला तेव्हा मुलाने घाई केली नाही. ट्रकच्या मागे योग्य गिअरमध्ये शांतपणे चढला. स्तवनिधीला पार्श्वनाथांचे दर्शन झाले, तेथेच पाणी गाळून टाकी पाव भरली. सपाटीवर वेगाचा काटा ७० ते ७५ च्या मध्ये राहिला. अनेक गाड्या ओलांडून पुढे गेल्या. सुरुवातीला मुलाला ते टोचले, पण बेळगाव मागे पडेपर्यंत त्याचे त्यालाच हसू आले. त्यांतल्या काही गाड्या पुढच्या टोलनाक्यावर पुन्हा शेजारी उभ्या होत्या.

वरूरला गाडी पोहोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होते. इंजिन बंद झाले. सुनेने शेगडी पेटवली, ज्वारीच्या भाकरी झाल्या, मुगाची आमटी झाली. आक्कांनी सावकाश जेवून घेतले, गोळी वेळेवर घेतली आणि आरतीला जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर तवंदीचा घाट मुलाने तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला फारसा पाय न लावता उतरला.

परतल्यावर अण्णांनी नोंद केली. टाकी काठोकाठ भरून निघायचे, शेवटी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि वाटेत भरलेले प्रत्येक लिटर मिळवून किलोमीटरला भागायचे. यापेक्षा खरा हिशेब नाही. १,३०० किलोमीटर, १२४ लिटर, सरासरी जवळजवळ साडेदहा. एकोणतीस लिटर वाचले. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तोही पंचाहत्तर किलोने कमी झाला. मुलगा म्हणाला, “अण्णा, पण एक दिवस जादा लागला. दुकान बंद राहिलं, त्याचा खर्च कुठं मांडायचा?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. त्यांनी वहीचे पान उलटले. पहिल्या पानावर तीनच रकाने होते : किलोमीटर, लिटर आणि रुपये. दुसऱ्या पानावर त्यांनी पट्टीने आणखी दोन आखले होते. एकावर लिहिले होते ‘सूर्यास्त’ आणि दुसऱ्यावर ‘आक्कांचे जेवण’. त्यांखाली वरूरच्या तारखेसमोर दोन वेळा नोंदलेल्या होत्या : सहा वाजून दहा मिनिटे, पाच वाजून वीस मिनिटे.

मुलाने दोन्ही आकडे वाचले. मग मागचे पान उलटून पहिल्या प्रवासाच्या ओळीपुढे, जेथे हे रकाने नव्हते, तेथे त्याने स्वतःच्या हाताने एक आडवी रेघ मारली आणि वही अण्णांकडे परत दिली.