काठावरची आक्का

बँकेतल्या कारकुनाला देव पाच वर्षांनी एकदा दिसतो आणि भूत रोज. देव म्हणजे पगारवाढीचा करार. भूत म्हणजे संध्याकाळचा फरक. आता कॉम्प्युटर आले म्हणून भूत गेले असे समजू नका. ते इंग्रजी बोलायला लागले, एवढेच.

फरक शोधायच्या काही युक्त्या असतात. फरकाला नऊने भाग गेला, तर बहुधा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेले असतात. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली, तर नावेची नोंद जमेला गेलेली असते. ही विद्या मला बी. कॉम.ने दिली नाही, एका जुन्या हेड कॅशियरने दिली. ती फोटोग्राफीत कामी येईल, असे त्यालाही कधी वाटले नसेल.

झाले असे, की आमच्या शिरूर अनंतपाळच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्या काकांनी दुकान आवरले आणि त्यांचा लाकडी कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. खरोखरच गळ्यात पडला असता तर मान शिल्लक राहिली नसती. लाकडाची पेटी, पितळी भिंग, हार्मोनियमसारखा भाता, तीन पाय आणि वर काळे फडके. १९४० च्या दशकापासून केरळातल्या आलप्पुझाहून 'वागीश्वरी' नावाचे असले कॅमेरे देशभर जात. निगेटिव्ह साडेसहा इंच बाय पावणेपाच. मागच्या दुधी काचेवर माणसे उलटी दिसतात, डोके खाली, पाय वर आणि डावे ते उजवीकडे. मी हे कौतुकाने घरात सांगितले. बायको म्हणाली, "तुम्हाला घरची माणसं अशीच दिसतात. त्याला कॅमेरा कशाला हवा?"

या मापाची फिल्म आता सहज मिळत नाही. तो प्रश्न मी एक्स-रेच्या फिल्मने सोडवला. दहा बाय आठचा तुकडा तांबड्या दिव्याच्या उजेडात कापला की दोन निगेटिव्हची सोय होते. बोटाला कात्री लागली तर त्याच फिल्मवर हाडही बघता येईल, अशी दुहेरी सोय.

पण हा सगळा खटाटोप होता आक्कासाठी. आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पंचविशीतच कुंकू पुसले गेले आणि ती माहेरी आली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात ती मागे आणि प्रत्येक फोटोत टोकाला. आमच्या माजघरात आई-वडिलांच्या लग्नाचा, १९७६ सालचा, मोठा फोटो आहे. त्यात सत्तावीस माणसे पूर्ण आहेत आणि आक्का निम्मी. एक खांदा, पदराची कड, अर्धा चेहरा आणि लगेच चौकट. आता ती पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. म्हटले, हिचा एक तरी अख्खा फोटो काढू.

रविवारी सगळे घर अंगणात उभे केले. आक्का सवयीने डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. भिंगावरचे झाकण काढले, "एक, दोन" म्हटले, झाकण लावले. रात्री निगेटिव्ह धुतली तर एका बाजूला बोटभर कोरा पट्टा. कागदावर उतरवली तर तोच पट्टा काळाकुट्ट, आणि आक्का त्या काळ्यात गडप. आधी निम्मी तरी होती, मी तिची वजाबाकीच पूर्ण केली.

"ऱ्हाऊ दे रे," आक्का म्हणाली. "माजं असंच अस्तंय."

मी हट्टाला पेटलो. भात्याला भोक असणार असे ठरवून त्याला सगळीकडून काळी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या रविवारी पुन्हा अंगण, पुन्हा माणसे, पुन्हा पट्टा. मेहुण्याने विचारले, "फोटो काढताय का कवायत घेताय?" शेवटी दोन्ही निगेटिव्ह घेऊन काकांकडे गेलो.

"भाता कशाला चिकटवायलाव साहेब?" काका म्हणाले. "भोकातून उजेड आत आला, तर निगेटिव्ह काळी होती अन् फोटूत पांढरं उमटतंय. तुमचा पट्टा कोरा हाय. म्हंजी उजेड तितं पोचलाच न्हाई. कायतरी आडवं आलंय."

म्हणजे मी जमेची चूक नावेच्या बाजूला शोधत होतो!

"आता कड बघा. पुसट हाय का धारदार?" मग त्यांनी अख्खा हिशेब मांडला. चारही कोपरे गोलाकार काळे आले, तर भिंग लहान पडले, त्याचे वर्तुळ फिल्मभर पुरले नाही. पायांपाशी पुसट अंधार आला, तर भाता मधे लोंबला. चित्र उलटे पडते, म्हणून वरून लोंबलेला भाता खाली उभ्या माणसांचे पाय खातो. कडेने केसाएवढी रेघ आली, तर ती फिल्म धरणाऱ्या पट्टीची. तो रोग नव्हे, किरकोळ खर्च. आणि एकाच बाजूला, सरळ आणि धारदार पट्टा आला, तर चोर फिल्मला अगदी खेटून बसलेला.

फिल्मला खेटून असते ती डब्याची सरकती फळी. फोटोआधी ती पूर्ण ओढायची असते. मी मात्र उजेड शिरेल या भीतीने बोटभर आतच ठेवत होतो. कारकुनाचा हात, पूर्ण उघडे काही ठेववत नाही. मागून बघताना फळी उजवीकडे उरली, की फोटोत डावीकडचा माणूस गेला. डावीकडे आक्का.

तिसऱ्या रविवारी फळी पूर्ण ओढली आणि आक्का नखशिखान्त आली.

त्या रात्री माजघरातल्या जुन्या फोटोसमोर उभा होतो. आक्काला कापणारी कड सरळ आणि धारदार. म्हणजे चोर खेटून बसलेला! फोटोला खेटून काय असते? खिळे काढून पाठीमागचा पुठ्ठा सोडवला. चौकटवाल्याने आतली पुठ्ठ्याची किनार लहान कापली होती, आणि तिच्याखाली आक्का अख्खी उभी होती. तिच्यापलीकडे वीतभर मांडवसुद्धा होता. आमच्या मुलखाला हे तसे नवीन नाही. १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला, १९८२ पासून लातुरात आहे. गावे जागची हलली नाहीत, चौकटी हलल्या. पण जवळजवळ पन्नास वर्षे आक्का कापली गेली आहे असे आम्ही समजत होतो, आणि ती नुसती झाकलेली होती. एकालाही खिळा काढून बघावेसे वाटले नाही, त्यात मीही आलो.

मोठी चौकट करून आणली आणि आक्काला दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

"डोळे मिटलेत की माजे," ती म्हणाली.

"हो ना. नेमके तेव्हाच मिटले?"

"मला वाटलं, मी काय ह्यात येत न्हाई. मग कशाला उघडे ठिवू?"

यावर माझ्याकडे नऊने भागण्याची युक्ती नव्हती.

आता माजघरात दोन्ही फोटो शेजारी आहेत. नव्या फोटोत आक्काचे डोळे चांगले टक्क उघडे आहेत. मिटले आहेत ते आमच्या मेहुण्याचे. हा फरक मी अजून कुणाच्या नजरेला आणून दिलेला नाही.