टेबल कुणाचं, हे आधी बघा

युनियन म्हणजे गेटावर दिसते तीच, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. पाळी सुटताना भाषण ठोकणारी, मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून टेबलावर हात आपटणारी. कोलकात्याला आणि दिल्लीला बैठकांना जाणारे पुढारी म्हणजे वर्गणीच्या पैशांवरचं पर्यटन, असं मी चारचौघांत बोलतही असे. चंद्रपुरात राहणाऱ्याला असं मत बनवायला फार अभ्यास लागत नाही. एकेका खाणीवर चार-पाच झेंडे, प्रत्येकाचा फलक वेगळा आणि वर गेलेला माणूस खाली येऊन हिशेब देईल याची खात्री नाही.

आज ते मत तसं उरलेलं नाही.

पहिला धक्का पगाराच्या चिठ्ठीनं दिला. १९७३ साली कोळसा खाणी सरकारच्या झाल्या आणि वेतनासाठी व्यवस्थापन व केंद्रीय कामगार संघटना यांची देशपातळीवरची संयुक्त समिती बसू लागली. तिला सगळे जेबीसीसीआय म्हणतात. तिचा अकरावा वेतन करार मे २०२३ मध्ये झाला. त्यात १९ टक्के किमान हमी वाढ आणि ती १ जुलै २०२१पासून लागू. दुर्गापूर, सास्ती, भटाडी या आमच्याकडच्या खाणींतल्या कामगाराला थकबाकीसह जे मिळालं, ते इथल्या कुठल्याही गेटसभेनं मिळवलेलं नव्हतं. मिळवता आलंही नसतं, कारण पगार ठरवायचा अधिकार खाणीच्या मॅनेजरला नाहीच. ज्या टेबलावर हात आपटल्याचं मला कौतुक होतं, त्या टेबलाला तो खणच नव्हता. क्वार्टरची गळती, पाळीची बदली, दवाखान्याचं रेफर, अनुकंपाची फाईल ही गेटावरच्या युनियनची कामं. ती लहान नाहीत, पण पगार हे त्यांतलं काम नव्हे.

तरी मी अडून बसलो होतो. कोळशाचा मालक एक, म्हणून एक करार जमतो; विखुरलेल्या माणसांनी काय करायचं? त्याचं उत्तर मला गडचिरोलीत तेंदूपानांच्या हंगामात मिळालं.

मे महिन्यात भल्या पहाटे बाया जंगलात जातात, दुपारी घरी बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, आणून ओळीनं मांडतात. हजार पुड्यांची एक गोणी. कंत्राटदाराचा मुन्शी वही घेऊन ओळीतून फिरतो, मधूनच एखादा पुडा उचलून दाबून बघतो. पान बारीक आहे, पुडा सैल आहे, असं म्हणून शेकड्यामागे दोन-चार पुडे जास्तीचे ठेवायला लावणं ही जुनी रीत. इथं हजेरीपट नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, युनियनही नाही.

वनहक्क कायदा आणि पेसा कायदा यांमुळे ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या, तेव्हा मला वाटलं, झालं. मेंढा-लेखा गावानं २०११ मध्ये बांबूबाबत दाखवलंच होतं की गाव आपला माल आपण विकू शकतं. पण पान दोन-तीन आठवड्यांत संपतं आणि कंत्राटदाराला ते ठाऊक असतं. एकट्या गावानं भाव सांगितला की तो म्हणतो, तुमचं राहू द्या, पलीकडच्या गावाचं घेतो. मग पलीकडचं गावही तेच ऐकून नमतं. कोरची तालुक्यातल्या सुमारे नव्वद ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारून लिलावाची बोलणी एकत्र केली, तेव्हा ‘पलीकडचं गाव’ हे हत्यारच कंत्राटदाराच्या हातून गेलं. आणि गावाचा अधिकार गावातच राहिला. वरच्या बैठकीला माणूस पाठवला तो गावानं.

हे पाहिल्यावर युरोप मला कळला. ब्रुसेल्समध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या युरोपीय कामगार संघटना महासंघाचं पूर्वी मला हसू यायचं. इतक्या देशांच्या युनियन एका छताखाली घेऊन करणार काय? पण तिथली ‘पलीकडची गावं’ म्हणजे देश. रेनॉ कंपनीनं १९९७ मध्ये बेल्जियममधला व्हिलव्होर्डेचा मोटार कारखाना बंद करायचं जाहीर केलं, तीन हजारांवर माणसं रस्त्यावर येणार होती. तेव्हा बेल्जियमसोबत फ्रान्स आणि स्पेनच्या कामगारांनीही काम थांबवलं. कारखाना वाचला नाही. पण कामगारांना आधी सांगितल्याशिवाय, विचारल्याशिवाय असे निर्णय घेता येऊ नयेत, ही मागणी पुढे आली आणि २००२ मध्ये तसा युरोपभर लागू होणारा कायदा झाला. त्याआधी १९९९ मध्ये या महासंघानं मालकांच्या संघटनांशी केलेला करार कायद्यात उतरला होता : मुदतीवर घेतलेल्या कामगाराला, तो केवळ मुदतीवरचा आहे म्हणून, कायम कामगारापेक्षा कमी लेखायचं नाही.

त्यांचंही टेबल अपुरं आहे. पगार आणि संपाचा हक्क हे विषय युरोपीय संघाच्या करारानंच त्या पातळीच्या बाहेर ठेवले आहेत; पगारासाठी ज्यानं त्यानं आपल्या देशात भांडायचं. आपलं नेमकं उलट. कायम कामगाराचा पगार थेट वर ठरतो, पण त्याच खाणीत माती काढणारा, डंपर चालवणारा कंत्राटी माणूस त्या कराराबाहेर. त्याच्यासाठी २०१३पासून उच्चाधिकार समितीनं ठरवलेले वेगळे दर आहेत आणि ते हातात पूर्ण पडत नाहीत, ही तक्रार चंद्रपूर-वणी पट्ट्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येते.

म्हणून माझं आताचं म्हणणं एवढंच : ज्या पातळीवर मालक निर्णय घेतो, त्या पातळीवर कामगाराचा माणूस बसलाच पाहिजे. त्यानं परत येऊन हिशेब द्यावा, हा माझा जुना हट्ट मात्र मी सोडलेला नाही. अकराव्या कराराची मुदत ३० जून २०२६पर्यंतची. बाराव्या कराराच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगाराच्या मजुरीचं कलम आहे का, हे आपल्या युनियनच्या माणसाला गेटावर थांबवून विचारा.